प्रत्येकी एकच पोळी

...आणि वर सगळे मलाच म्हणतात, "ही मुलगी बोलतच नाही!" अहो, बोलायला जागा सोडता का तुम्ही? म्हणजे तुम्ही नाही हो, तुमचं बरं आहे, तुम्ही ऐकून घेता, मध्येच "बाळा, जरा मोठ्याने" असं म्हणत नाही... पण लिफ्टमध्ये कुणी भेटलं की पहिलं वाक्य हेच, "काय गं क्षितिजा, आज पण गप्प?" आता याला उत्तर काय द्यायचं? "हो" म्हटलं तर गप्प कुठे राहिले, आणि "नाही" म्हटलं तर पुढे काहीतरी बोलावं लागतं! मी विचार करते, करते, तोवर चौथा मजला येतो. मी काही बोलले नाही, असं होऊन जातं.

तशी मी जन्मापासून गप्प नव्हते. तुम्हाला सांगते, वाशीमला होतो तेव्हा पाहुणे आले की आई माझ्या हातात लाडू द्यायची, तोंड भरलेलं राहावं म्हणून! मग दोन वर्षांपूर्वी बाबांना हिंजवडीला नोकरी लागली, आम्ही इथे पुण्याजवळ, चांदे गावात फ्लॅट घेतला, आणि नव्या शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "काय चाललंय गं मागे?" मी उभी राहिले आणि म्हटलं, "बाई, दप्तर लावून राहिली." झालं! वर्ग असा हसला, असा हसला... बाकांवर डोकी टेकवून! "लावून राहिली!" बाईसुद्धा, वहीआडून. अहो, आमच्याकडे तसंच बोलतात! आई बोलते, वाशीमचे माझे आजोबा, म्हणजे आबाजी, बोलतात, त्यांचे शेजारी बोलतात, कुणाला हसू येत नाही. पण तेव्हापासून मी प्रत्येक वाक्य आधी मनात लिहून काढते, तपासते, खाडाखोड करते, आणि मग बोलायला तोंड उघडते तर विषय बदललेला असतो. मैत्रिणी? आहेत ना. डबा खाताना त्यांच्या शेजारी बसते मी. त्यांच्या शेजारी म्हणजे... एका दप्तराएवढं अंतर सोडून.

म्हणून मग पाखऱ्या.

पाखऱ्या म्हणजे बैल. आमच्या सोसायटीच्या नावाचा इंग्रजीत अर्थ होतो कुरण. कुरण होतं तेव्हा त्याला नाव नव्हतं, इमारती झाल्या तेव्हा नाव मिळालं! तर मागच्या बाजूला कमरेएवढी भिंत आहे... होती. 'होती' का, ते पुढे सांगते. भिंतीपलीकडे गेणबा आजोबांचा गोठा. त्यांच्या भावांनी जमिनी विकल्या, यांनी एवढा तुकडा ठेवला आणि हा एक बैल. दोन होते. दुसरा माणक्या, तो तीन वर्षांपूर्वी म्हातारा होऊन गेला. आणि एकट्या बैलाला काम नसतं हो. गाडीला दोन लागतात, औताला दोन लागतात. एक बैल म्हणजे नुसतं उभं राहणं! लोक आजोबांना म्हणाले, विकून टाका, तर ते म्हणाले, "इकल्यावर त्यो कुटं जाईल ते ठावं हाय मला. न्हाई इकायचा."

मग पाखऱ्या दिवसभर जांभळाखाली उभा. आणि कसा उभा, माहितीये? उजव्या अंगाला सरकून. डावीकडे एका बैलाची जागा रिकामी सोडून! माणक्या डावीकडे जुंपलेला असायचा ना. तीन वर्षं झाली तरी हा आपला जागा धरून. मी शाळेतून आले की भिंतीवर बसायचे, अगदी त्या डाव्या बाजूला, आणि त्याला सगळं सांगायचे. "करून राहिली, खाऊन राहिली", सगळं आमच्या भाषेत. तो हसला नाही कधी. रवंथ करत ऐकायचा. आबाजींनी मला लहानपणीच शिकवलंय, "बैल कसा हाये ते त्याच्या तोंडाकडे पाहून समजते. रवंथ चालू, तर सगळं चालू." चाळीस-पन्नास वेळा चावतो, गिळतो, जरा थांबतो, मानेतून नवा गोळा वर येताना दिसतो, की पुन्हा सुरू. मी एक वाक्य बोलायचे, तो एक गोळा चघळायचा. असं आमचं चाललेलं असायचं.

आणि मग आमच्या सोसायटीला प्राण्यांविषयी प्रेम आलं.

जुईली मावशी सांस्कृतिक विभाग बघतात. त्यांचा ग्रुपवर निरोप, "यंदा आपण अस्सल बैलपोळा साजरा करूया! मुलांना मुक्या प्राण्यांविषयी कृतज्ञता शिकवूया! लाकडी बैल नको, खरा बैल आणूया!" खाली एकशे बारा जणांनी हात जोडले. पोळा होता शुक्रवारी. शुक्रवारी कुणाला सुट्टी नाही, म्हणून पोळा रविवारी! जुईली मावशी गोठ्यात गेल्या, मी भिंतीवरच होते, सगळं ऐकलं.

"काका, रविवारी बैल पाठवाल ना? पोळ्यासाठी?"

गेणबा आजोबा बघतच राहिले. "पोळा? आवो बाई, हितं आमचा पोळा भादव्यातल्या आवसंला असतुया. अजून म्हैना हाय."

"अहो पण आमच्याकडे विदर्भ-मराठवाड्यातले खूप लोक आहेत, त्यांचा आत्ता असतो. आणि पुढच्या महिन्यात तेव्हा क्लबहाऊस नवरात्राच्या तयारीला बुक आहे. होऊ दे की दोनदा! बैलाची मजा!"

"बरं..." आजोबा पाखऱ्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "कुनी ववाळतंय तर न्हाई कसं म्हनू?"

"थँक्यू काका! फक्त तो दुसरा पण आणा हां. जोडी फोटोत छान दिसते."

"दुसरा मेला."

"ओह... चालेल, चालेल! एक पण चालेल!"

तर रविवार. सकाळी दहा. पाखऱ्या आमच्या गेटातून आत आला, अंगावर झूल, गळ्यात घुंगरं, शिंगांना आजोबांनी स्वतः लावलेला लाल हिंगूळ... जुईली मावशींनी सोनेरी स्प्रे आणला होता, "थीमला मॅच होईल", तर आजोबा म्हणाले, "त्याच्या डोळ्यात गेला म्हंजी? ठिवा त्यो तुमच्या गाडीला." आणि स्पीकर असा लावलेला की पाखऱ्याचे कान मागे गेलेले! मला दिसत होतं. दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं, कारण सगळे फोनमधून बघत होते, आणि फोनमध्ये कान छानच दिसत होते.

मग चंद्रकांत काकांनी माइक घेतला. चंद्रकांत काका म्हणजे चेअरमन. "सर्वांना विनंती, बैलाला त्रास होता कामा नये! आपण प्राणीप्रेमी आहोत! म्हणून प्रत्येक घराने फक्त एक, ए-क-च पुरणपोळी द्यायची आहे! शिस्तीत, रांगेत!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किती समंजस नियम, नाही? प्रत्येकी एकच! अहो, पण आमच्याकडे फ्लॅट नव्वद आहेत, आणि बैल एक! आबाजींच्या घरी पोळ्याला बैलाला एक पोळी मिळते, एक म्हणजे एक, कारण तिथे घर एक असतं! इथे प्रत्येकजण येतो, एक पोळी भरवतो, फोटो काढतो आणि तृप्त होऊन जातो, "आम्ही एकच दिली हं!" सगळे खरं बोलत होते! कुणी तूप लावून आणलेली, कुणी वर गूळ ठेवलेली, बी विंगमधून एक शुगर-फ्री आली, कारण त्या काकूंना वाटलं, वयस्कर बैल आहे, साखर वाढायला नको! गेणबा आजोबांना तर सत्कारासाठी केव्हाच क्लबहाऊसमध्ये नेऊन खुर्चीत बसवलेलं, हातात सरबताचा ग्लास. दोरी कुणाच्या हातात? वॉचमनच्या. तो बिहारचा, त्याला वाटलं महाराष्ट्रात असंच करतात.

मला मोजायची सवय आहे. जे लोक बोलत नाहीत ते मोजतात. विसाव्या पोळीला पाखऱ्याने मान वळवली. अठ्ठाविसाव्या पोळीला जीभ बाहेर आली नाही, तर एका काकांनी पोळी ओठात कोंबली आणि "खा खा, लाजतोय बघा!" म्हणून हसले. लाजतोय! अहो, बैल कधी लाजतो का? लाजते ती मी!

मी आईकडे गेले. "आई, त्याला आता बास. त्याचं पोट..." आई ताट सावरत होती, आमची पोळी घेऊन. म्हणाली, "मग जा ना, सांग जुईली मावशीला. बोलत जा बरं थोडं!" मी गेले. वाक्य मनात लिहिलं, तपासलं, "मावशी, बैलाला एवढं पुरण पचत नाही, कृपया थांबवा." चांगलं होतं वाक्य! मी म्हटलं, "मावशी..." आणि त्या म्हणाल्या, "हो बाळा, हो, सगळ्यांना मिळणार, लाइनमध्ये मागे उभी राहा!"

आणि मी काय केलं असेल?

मी लाइनमध्ये उभी राहिले.

हसू नका! शिस्त होती ना! माझ्यापुढे तेवीस जण. मी तेवीस माणसांच्या मागे उभी, 'पोळ्या थांबवा' हे सांगण्यासाठी, आणि प्रत्येक पोळी त्याच्या पोटात गेली की मी एक पाऊल पुढे! एक पोळी, एक पाऊल. एक पोळी, एक पाऊल. एवढी वाईट रांग मी आयुष्यात पाहिली नाही, आणि मी तीत स्वतः उभी होते. पोहोचले एकदाची. तो समोर, मी समोर. डोळे त्याचे अर्धे मिटलेले, तोंड बंद, गळ्यातून गोळा वर येत नाही... जुईली मावशी म्हणाल्या, "अगं, पोळी कुठाय? बरं असू दे, नुसता हात लाव, इकडे बघ, बोल चीज!" मी तोंड उघडलं आणि फोटो निघाला. मागून ढकलत होते. मी काही बोलले नाही.

माझ्यानंतर आणखी नऊ आले. एकूण त्रेसष्ट. आमची धरून.

मग वॉचमनने पाखऱ्याला नेऊन गोठ्यात बांधलं आणि सगळे क्लबहाऊसमध्ये गेले, सत्काराला. मी भिंतीकडे. पाखऱ्या जांभळाखाली उभा, नेहमीसारखा उजवीकडे सरकून, आणि डाव्या बाजूला जिथे नेहमी खळगा असतो ना, खुब्याच्या हाडाच्या पुढे, तिथे उंचवटा. मी बघतेय आणि तो वाढतोय. नगाऱ्यासारखी कूस! तो मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायचा, दात खायचा, मागचा पाय पोटाकडे झाडायचा... आणि रवंथ बंद. पूर्ण बंद. मी पाचशेपर्यंत मोजलं. एक गोळा वर आला नाही.

आईचा फोन माझ्याकडे होता. प्राण्यांच्या मदतीचा एक नंबर शोधला, लावला. आतून बाई म्हणाल्या, "कुत्र्यासाठी एक दाबा, मांजरासाठी दोन, पक्ष्यासाठी तीन, इतर प्राण्यांसाठी प्रतीक्षा करा." प्रतीक्षा! मी 'इतर' आहे याची मला सवय आहे, मी केली. शेवटी एक दादा लाइनवर आले.

"हां बोला, कोणता प्राणी?"

"बैल."

"भटका आहे?"

"नाही, मालक आहेत."

"मालक मारतोय का?"

"नाही... मालकांचा सत्कार चालू आहे."

"मग छळ कोण करतंय?"

"त्रेसष्ट फ्लॅट."

"हत्यार वगैरे आहे का?"

"पुरणपोळी."

ते म्हणाले, "ताई, पोळी खाऊ घालणं हे छळात बसत नाही. तुम्ही असं करा, जनावरांच्या डॉक्टरना बोलवा, आणि मालकाला सांगा. लगेच सांगा. फुगला असेल तर वेळ नाहीये." आणि ठेवला.

मालकाला सांगा! मालक कुठे? स्टेजवर. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, समोर दीडशे माणसं, आणि चंद्रकांत काकांचं भाषण, "आपला बळीराजा, आपला पोशिंदा..." मी दारात उभी. आत जायचं म्हणजे मधल्या वाटेने जायचं. सगळे बघणार. वाक्य लिहायला घेतलं मनात, 'आजोबा, पाखऱ्याच्या पोटात...' नको, 'माफ करा, एक मिनिट...' खोडलं. आणि मग मला ती रांग आठवली. एक पोळी, एक पाऊल. मी चालायला लागले. शपथ सांगते, पाय माझे नव्हते.

काकांनी मला पाहिलं आणि चेहरा फुलला त्यांचा! "अरे वा! आपली क्षितिजा! कधी न बोलणारी मुलगी आज बैलाविषयी कविता म्हणणार! टाळ्या!" आणि दिला माइक हातात. टाळ्या. दीडशे माणसं. आणि माझं सगळं तपासलेलं, सगळं शुद्ध, सगळं खाडाखोड केलेलं कुठल्या कुठे गेलं आणि तोंडातून निघालं,

"आजोबा, बैल फुगून राहिला!"

हशा! असा हशा! कुणीतरी मागून, "फुगून राहिला!" कुणी शिट्टी मारली. पण स्टेजवर एक माणूस हसला नाही. गेणबा आजोबा उभे राहिले होते.

"कंची कूस?"

"डावी!"

"रवंथ?"

"बंद!"

नारळ गडगडत पायऱ्यांवरून खाली आला, शाल चंद्रकांत काकांच्या डोक्यावर, आणि आजोबा पळाले! पंचाहत्तर वर्षांचा माणूस त्या मधल्या वाटेने पळाला आणि मी मागे, माइक हातात घेऊनच, वायर तुटेपर्यंत!

"ग्वाडं तेल आना! आन खायाचा सोडा!" आजोबा गोठ्यातून ओरडले. आता सोसायटी भिंतीला येऊन चिकटलेली. कुणी ऑलिव्ह ऑइल घेऊन आलं, कुणी विचारतंय, "कोल्ड प्रेस्ड चालेल का?" आजोबा म्हणाले, "आवो, भजी कशात तळता त्ये आना की!" आई धावत आली शेंगदाण्याच्या तेलाचा डबा घेऊन. आजोबांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, पाखऱ्याला तेल पाजलं, त्याच्या तोंडात आडवी काठी बांधली, चघळत राहावा म्हणून, त्याला चढावर उभा केला, पुढचे पाय वर, आणि मला म्हणाले, "पोरी, तू डावीकडं ऱ्हा. कूस चोळ. आन बोल त्याच्यासंगं, त्यो तुझा आवाज वळखतोय."

मी बोलले. त्या सगळ्या लोकांसमोर मी तासभर बोलले! "घाबरू नको, मी इथं उभी राहून राहिली, डॉक्टर येऊन राहिले..." कुणी हसलं नाही. का कुणास ठाऊक.

डॉक्टर आल्या पौडकडून, स्कूटरवर, रविवारी, घरचं जेवण सोडून. तरुण होत्या. जाड नळी तोंडातून पोटात घातली, आणि वायू सुटला. तुम्हाला सांगते... वेलची, जायफळ, गूळ आणि बैल, असा वास तिन्ही विंगांमध्ये चौथ्या मजल्यापर्यंत पसरला! डॉक्टरांनी भिंतीकडे वळून विचारलं, "काय खायला घातलं याला?"

एक काकू हळूच म्हणाल्या, "आम्ही एकच पोळी दिली." दुसऱ्या म्हणाल्या, "आम्ही पण एकच." "आमची तर शुगर-फ्री होती."

"हो का," डॉक्टर म्हणाल्या, "मग बैलाने एकट्याने कट केलेला दिसतो." पुढे म्हणाल्या, "उद्या सकाळपर्यंत रवंथ करायला लागला तर वाचला. अर्धा तास उशिरा कळलं असतं तर मला यायचीच गरज नव्हती."

सोमवारी पहाटे उजाडायच्या आत मी भिंतीवर. तो बसलेला. मी नुसती त्याच्या गळ्याकडे बघत बसले. किती वेळ माहीत नाही, त्या दिवशी मोजलं नाही. आणि मग गळ्यातून एक छोटासा गोळा वर आला. त्याने एकदा चावलं. थांबला. दुसऱ्यांदा चावलं... मला रडू आलं, आणि तो माझ्याकडे बघत चावत बसला, जणू काय मीच आजारी होते.

आता तुम्ही म्हणाल, छान झालं की! शेवट गोड! थांबा. समिती बसली. चार ठराव. आमची सोसायटी 'प्राणी-छळमुक्त' झाली. गेटवर फलक लागला, त्यावर फोटो कुणाचा? माझा! तोच, बैलाशेजारी तोंड उघडं! खाली 'आपली प्राणीमित्र'. शाळेच्या बसमधल्या सगळ्यांनी वाचला. आता मला वर्गात 'फुगून राहिली' म्हणतात. पूर्वी निदान नाव तरी घेत होते.

आणि चौथा ठराव. "रहिवाशांनी भिंतीवरून प्राण्यास अन्न देऊ नये, म्हणून प्राण्याच्याच हितासाठी मागील भिंतीवर सात फूट उंच पत्रा लावण्यात येत आहे." प्राण्याच्या हितासाठी! चंद्रकांत काका मला म्हणाले, "तुझ्यामुळे सुचलं हं हे! खूश ना?"

मी काही बोलले नाही.

हिरवा पत्रा. त्याला फटसुद्धा नाही, मी सगळीकडे पाहिलं. गोठ्याकडे रस्त्याने जायचं तर गेटातून बाहेर, डंपरच्या रस्त्याने वळसा, आई एकटीला सोडत नाही, आणि बरोबर यायला कोण आहे? मी शाळेतून येते, पत्र्याला पाठ लावून बसते. पहिल्या आठवड्यात नुसती बसले. मग एक दिवस सहज बोटाने वाजवलं. टक टक. पलीकडे घुंगरू हललं, आणि पत्र्यावर शिंग घासलं, ठण्ण! मी पुन्हा टक टक. तो ठण्ण! म्हणजे तो डावीकडे आला होता. माणक्याची जागा ओलांडून, इकडे, पत्र्यापर्यंत!

भादव्यातल्या अमावास्येला, खऱ्या पोळ्याला, पलीकडून आजोबांचा आवाज आला, "पोरी, हायेस का?" आणि पत्र्यावरून कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या मांडीत पडलं. पुरणपोळी. "पाखऱ्यानं धाडलीया," आजोबा म्हणाले. "एकच हाय हां!"

तर असं आहे. रोज संध्याकाळी पाच वाजता, टक टक, ठण्ण. टक टक, ठण्ण. शाळेत बोलत नाही, लिफ्टमध्ये बोलत नाही, पण हे चुकवत नाही.

आणि काल लिफ्टमध्ये नोटीस लागली. "मागील पत्र्यावर रोज सायंकाळी कुणीतरी ठोकत असून, त्याचा प्राण्यास त्रास होत असल्याच्या तक्रारी आहेत. रहिवाशांनी नोंद घ्यावी." मी वाचतेय, तेवढ्यात चंद्रकांत काका आत आले. म्हणाले, "बरं झालं भेटलीस. तू प्राणीमित्र आहेस ना, संध्याकाळी तिथेच असतेस. कोण वाजवतं गं ते? काही कल्पना?"

आता तुम्हीच सांगा.

...चौथा मजला आला.